भिंतीवरची चित्रं

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत. पण ती आत. रस्त्यावरच्या माणसासाठी नव्हतीच. आमच्या गुंजवण्यात, राजगडाच्या पायथ्याशी, भिंतीवरचं पहिलं चित्र म्हणजे कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा खेड्यात गेल्या आणि भिंतींवर बचतीचा निरोपही आला. मी बँकेत लागल्यावर त्या रंगकामाची बिलं पास करत असे. पेंटरचं नाव बिलावर असायचं, भिंतीवर कधीच नाही! २००९ मध्ये मुंबईत तुळशी पाईप रोडची लांबलचक भिंत पालिकेच्या परवानगीने नागरिकांनीच रंगवली. निरोप सरकारचा नव्हता, ज्याला जे सुचलं ते.

आपल्या कंपाउंडवर सोसायटीच्या मुलांनी सहलीनंतर काढलेला राजगड त्याच जातीचा. अगदी गुंजवण्यातून दिसतो तसा, सुवेळा माची डावीकडे, नेढ्यासकट. आता पोपडे धरलेत आणि दुरुस्तीच्या यादीत ती भिंत आहे. प्लॅस्टर फोडण्याआधी फोटो काढावेत, मुलांची नावं सोसायटीच्या दप्तरात नोंदवावीत, असा लेखी अर्ज मी सेक्रेटरींकडे दिला आहे. पोच घेतली आहे.