प्लेटलेट आणि आयबीएमचा इंजिनिअर

लेडी मेहेरबाई टाटा १९३१मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने न्यास स्थापन केला आणि ल्युकेमियावर काम करणाऱ्या देशोदेशींच्या संशोधकांना त्यातून मदत मिळू लागली. १९४१मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. मात्र त्या काळी ल्युकेमियाचे कितीतरी रुग्ण अखेरीस रक्तस्रावाने दगावत, हे सहसा सांगितलं जात नाही.

प्लेटलेट अस्थिमज्जेत तयार होतात. कर्करोगाच्या पेशी तिथली जागा बळकावतात आणि किमोची औषधं त्या पेशींबरोबर उरलीसुरली चांगली मज्जाही मारतात. दीड लाखाच्या वर असायला हवा तो आकडा काही हजारांवर येतो. मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. मेंदूत रक्तस्राव झाला तर वेळच उरत नाही. १९४८मध्ये सिडनी फार्बरने अमिनोप्टेरिनने मुलांचा ल्युकेमिया तात्पुरता आटोक्यात आणून दाखवला. हे औषध बनवणाऱ्या लेडर्ली कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. पण औषधाचा गुण येईपर्यंत मूल जगवायचं कसं?

याचं उत्तर अमेरिकेत बेथेस्डाला एमिल फ्रायराइकने शोधलं. साठवलेल्या जुन्या रक्तातल्या प्लेटलेट निकामी झालेल्या असतात. ताज्या दिल्या तर रक्तस्राव थांबतो, हे त्याने दाखवलं. आता प्रश्न उरला तो इतक्या प्लेटलेट आणायच्या कुठून, हा.

इथे माझ्या पेशातला माणूस येतो. जॉर्ज जडसन आयबीएममध्ये इंजिनिअर होता. १९६२मध्ये त्याच्या किशोरवयीन मुलाला ल्युकेमिया झाला. जडसन फ्रायराइककडे गेला आणि दोघांनी मिळून रक्त फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं यंत्र घडवलं. रक्त दात्याच्या हातातून निघतं, हवा तो घटक काढून घेतला जातो आणि बाकीचं परत शरीरात जातं. आजची यंत्रं याच कल्पनेवर चालतात.

खराडीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘एसडीपी डोनर हवा’ असा मेसेज अधूनमधून येतो. डेंगीमुळे प्लेटलेट हा शब्द पुण्यात घरोघरी पोचलाय, पण किमोच्या रुग्णाला त्या पुन्हापुन्हा लागतात, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मी स्वतः दिल्यात. दीडेक तास खुर्चीत बसायचं, बस्स. एका दात्याकडून साधारण सहा बाटल्या रक्तातल्या प्लेटलेटइतका साठा मिळतो. तो सततच्या हलत्या ट्रेवर, तेही पाचच दिवस टिकतो. त्यामुळे आज भरपूर गोळा करून महिनाभर पुरवता येत नाही. दाता दर आठवड्याला नवा लागतो आणि आज तो शोधायची धावपळ बहुधा रुग्णाच्या घरच्यांनाच करावी लागते.

आयटी पार्कच्या या भागात धडधाकट तरुणांची वाण नाही. आपला रक्तगट आणि फोन नंबर जवळच्या रक्तपेढीत आधीच नोंदवून ठेवला, तर तेवढ्याने एखाद्या बापाची एक रात्र वाचेल.