हैदराबादचे दगड हिमनदीने आणले का? खरी खूण आहे पैनगंगेच्या काठी

हैदराबाद : नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडून कामानिमित्त हैदराबादला जाणाऱ्यांना गच्चीबावली, खाजागुडा, गोवळकोंडा परिसरातले एकावर एक रचलेले प्रचंड दगड दिसतातच. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातला ‘मशरूम रॉक’ तर प्रसिद्धच आहे. एवढे दगड उचलून ठेवले कुणी? हिमनदीने वाहून आणले असावेत, असा तर्क अनेकदा केला जातो. तो बरोबर नाही. हिमनदीची खरी खूण आपल्याच सीमाभागात, चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

हिमनदी तयार कशी होते?

जिथे हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळत नाही, तिथे दरवर्षी थरावर थर साचतात. वरच्या ओझ्याने खालचा भुसभुशीत बर्फ दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते. आधी तो दाणेदार होतो आणि पुढे घट्ट, निळसर बर्फ बनतो. थर पुरेसा जाड झाला की स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. हीच हिमनदी.

ती सरकते दोन प्रकारे. दाबाखालचा बर्फ आतून हळूहळू वाकतो, पसरतो. आणि तळाशी वितळलेल्या पाण्यावरून अख्खा थर घसरतो. वरचा बर्फ मात्र कडक असल्याने तडकतो, त्याच्या खोल भेगा पडतात.

जमिनीवर काय परिणाम होतो?

तळाला चिकटलेले दगडगोटे कातळावर कानशीसारखे घासले जातात. कातळ गुळगुळीत होतो, त्यावर समांतर ओरखडे उठतात. नदी डोंगरात ‘व्ही’ आकाराची दरी कोरते, हिमनदी तीच रुंद करून ‘यू’ आकाराची करते. बर्फ वितळला की माती, वाळू आणि लहानमोठे दगड एकाच ढिगात पडतात. त्याला हिमोढ म्हणतात.

मग हैदराबादचे दगड?

ते कुठून आलेले नाहीत, जागेवरच घडले आहेत. इथला ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या उभ्या-आडव्या भेगांत पाणी मुरत गेले, कडा आणि कोपरे आधी कुजले, भुसा वाहून गेला आणि मधले टणक गोटे उरले. त्यांच्या रक्षणासाठी शहरात 1996 मध्ये ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था उभी राहिली. शहर वाढताना सुरुंग लावून फोडलेला दगड पुन्हा तयार होत नाही.

पैनगंगेचा पुरावा

चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात चुनखडकावर असेच समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर गोट्यांचा थर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी 1875 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. हा थर सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा, ‘तालचेर’ नावाने ओळखला जाणारा. तेव्हा भारत गोंडवाना या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. बर्फ हटल्यावर इथे दलदल आणि जंगले वाढली. त्यांचाच आज वर्धा खोऱ्यातला कोळसा झाला. म्हणजे घुग्घुस-बल्लारपूरच्या खाणींची गोष्ट बर्फाच्या नंतर सुरू होते.

बालानगरहून हिमालयावर नजर

हैदराबादचा आजच्या हिमनद्यांशी मात्र थेट संबंध आहे. बालानगर येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, म्हणजे एनआरएससी, उपग्रहचित्रांवरून हिमालयातल्या हिमसरोवरांवर लक्ष ठेवते. हिमनदी मागे हटली की हिमोढाच्या बांधामागे पाणी साठते. हा बांध सुट्या दगडमातीचा, त्यामुळे फुटण्याची भीती कायम.

ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनक सरोवराचे हेच झाले. केंद्राच्या चित्रांनुसार 28 सप्टेंबरला 167 हेक्टर असलेले सरोवर 4 ऑक्टोबरला 60 हेक्टरवर आले. तिस्तेला आलेल्या लोंढ्यात चुंगथांगचे धरण वाहून गेले, अनेकांचे जीव गेले.

इस्रोच्या 2024 मधील माहितीनुसार, 10 हेक्टरपेक्षा मोठ्या 2,431 सरोवरांपैकी 676 सरोवरे 1984 पासून लक्षणीय वाढली आहेत. त्यातली 130 भारतात आहेत. उपग्रहाला पाणी वाढताना दिसते. पण इशारा खालच्या गावापर्यंत वेळेत पोहोचला, तरच माणसे वाचतात.