कोंडी आणि संयम : संगणक-जालाच्या इतिहासातील एक प्रकरण

यंत्रयुगाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते यंत्र किती धावले, कोणी कोणास मागे टाकले, याच्या नोंदी विपुल सापडतात. कोणी केव्हा स्वतःहून पाऊल मागे घेतले, याची नोंद क्वचितच होते. संगणकांच्या जागतिक जालाच्या बाबतीत मात्र ही दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे, असे आम्हांस वाटते. हे जाल उभे आहे ते केवळ तारांच्या क्षमतेवर नव्हे, तर त्यास जोडलेल्या संगणकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या एका बंधनावर. ते बंधन कसे आले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम या जालाची मूळ रीत ध्यानी घेतली पाहिजे. दूरध्वनीच्या जुन्या पद्धतीत बोलणाऱ्या दोघांसाठी एक अखंड वाट राखून ठेवली जाई. दोघे गप्प राहिले तरी ती तिसऱ्यास मिळत नसे. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांच्या कामाची माहिती नसताना, निराळी कल्पना मांडली. मजकुराचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि सर्वांचे तुकडे एकाच सामायिक वाटेने सोडावेत, अशी ती कल्पना. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले. आम्ही त्यांना येथे पाकिटेच म्हणतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९ साली सुरू झालेले आर्पानेट याच तत्त्वावर चालले, आणि १ जानेवारी १९८३ रोजी त्याने ‘टीसीपी’ ही वाहतुकीची नियमावली स्वीकारली. तिचा पाया विंट सर्फ व बॉब कान यांनी १९७४च्या आपल्या निबंधात घातला होता.

नियम साधा होता. पाठवणाऱ्याने पाकीट पाठवावे, घेणाऱ्याने पोच द्यावी. ठरल्या वेळात पोच आली नाही तर पाकीट हरवले असे समजून ते पुन्हा पाठवावे. आपणांस एका वेळी किती झेपेल, हेही घेणारा कळवीत असे. दोन्ही टोकांची काळजी अशी घेतली होती. मधल्या वाटेस किती झेपेल, हे जाणून घेण्याची सोय मात्र नव्हती.

ही उणीव स्पष्ट शब्दांत मांडली ती फोर्ड एरोस्पेस या कंपनीतील जॉन नेगल यांनी, जानेवारी १९८४च्या एका टिपणात. वाटेवर गर्दी झाली की पाकिटे रांगेत खोळंबतात आणि पोच उशिरा येते. पाठवणारा संगणक अधीर होऊन तेच पाकीट पुन्हा पाठवतो. पहिले हरवलेले नसतेच. आता एकाची दोन होतात आणि रांग आणखी वाढते. अखेर वाट दुथडी भरून वाहते, पण वाहतात त्या बहुतांशी नकलाच. घाटातील ‘अति घाई संकटात नेई’ या पाटीचे मर्म येथे अक्षरशः प्रत्ययास येते. या अवस्थेला नेगल यांनी ‘काँजेशन कोलॅप्स’ म्हणजे कोंडीने कोसळणे असे नाव दिले. एकदा जाल या अवस्थेत शिरले की ते तेथेच स्थिरावते, हा त्यांचा इशारा विशेष गंभीर होता.

ऑक्टोबर १९८६मध्ये तो खरा ठरला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांमधील अंतर अवघे ४०० यार्ड. या दोहोंमधील वहन सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आले. रोमन अक्षरांच्या हिशेबात सांगावयाचे तर सेकंदाला चार हजार अक्षरे जात होती, तेथे पाच जाऊ लागली. एखाद्याने कागद हातात घेऊन टेकडी उतरली असती तर तो अधिक लवकर पोहोचता. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. प्रत्येक संगणक आपले कर्तव्य इमानाने, किंबहुना अतिउत्साहाने करीत होता. ही कोंडी आळसातून नव्हे, तर आंधळ्या तत्परतेतून निर्माण झाली होती.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील माइक कॅरल्स यांनी या प्रकाराचा छडा लावला. जेकबसन यांचा त्यावरील निबंध ऑगस्ट १९८८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य सूत्र असे की, वाट भरलेली असताना एक जुने पाकीट बाहेर पडल्याखेरीज नवे आत सोडू नये. जुने बाहेर पडल्याची खूण म्हणजे पोच. आरंभी एकच पाकीट सोडावे. पोच येईल तसे दोन, चार, आठ असे वाढवावे. वाटेच्या मर्यादेचा अंदाज आला की फेरीगणिक एकेकानेच वाढवावे. आणि पाकीट हरवले तर? पूर्वी त्याचा अर्थ ‘पुन्हा पाठवा’ एवढाच होता. तारेवर पाकीट खराब होणे दुर्मीळ. ते हरवते ते बहुधा रांग भरून वाहिल्यामुळे, हे जेकबसन यांनी ओळखले. म्हणून हानी हीच कोंडीची वर्दी समजून आपला ओघ तत्काळ निम्मा करावा, असे त्यांनी ठरवले. चढताना पायरी पायरीने चढावे आणि उतरताना एकदम निम्मे उतरावे, ही रीत अनेकांच्या वाट्यांना समतेकडे नेते, हे डा-मिंग च्यू आणि रीवा व बंगळूर येथे शिकलेले राज जैन यांनी १९८९मध्ये गणिताने दाखवून दिले.

ही सुधारणा कोणत्याही सरकारी फर्मानाने पसरली नाही. बर्कलीच्या युनिक्स प्रणालीच्या १९८८च्या आवृत्तीत ती घातली गेली आणि त्या प्रणालीबरोबर विद्यापीठांतून पोहोचली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आपल्या घरांत आलेली नियमावली या संयमासह आली.

पुढे वेग वाढला आणि जुना संयम तोकडा पडू लागला. सेकंदाला १० अब्ज बिटांची वाट आणि एका फेरीस सेकंदाचा दहावा भाग, असे गृहीत धरले तर एका वेळी सुमारे ८३ हजार पाकिटे वाटेत असावी लागतात. एखादे हरवून ओघ निम्मा झाला, तर एकेकाने वाढत पूर्वपदास येण्यास तास-दीड तास लागे. तो वेग टिकवण्यासाठी पाच अब्ज पाकिटांमागे एकाहून अधिक हानी चालणार नाही, असा हिशेब सॅली फ्लॉइड यांनी २००३मध्ये मांडला. त्यावर ‘क्यूबिक’सारख्या रीती निघाल्या. हानीनंतर वेगाने सावरावे, जुन्या मर्यादेजवळ मंद व्हावे आणि मग पुढची वाट चाचपावी, ही तिची चाल. २००६ पासून लिनक्सने ती अंगीकारली. तोवर स्मृती स्वस्त झाल्याने वाटेवरील रांगा अवाजवी लांबल्या होत्या, आणि हानीची वर्दी फार उशिरा मिळू लागली होती. २०१६मध्ये गूगलमधील ज्या गटाने हानीऐवजी प्रत्यक्ष वहन व विलंब मोजणारी ‘बीबीआर’ ही रीत पुढे आणली, त्यात जेकबसनही होते. तिच्या पहिल्या आवृत्तीत, रांगा आखूड असल्या तर ती शेजारच्या ‘क्यूबिक’चा वाटा ओढून घेते, असे इतर संशोधकांच्या प्रयोगांत आढळले, पुढील आवृत्त्यांत तो दोष कमी करण्याचे प्रयत्न झाले.

येथेच या इतिहासाचे मर्म आहे. संयम पाळणारा संगणक तो पाळतो, कारण त्याची प्रणाली लिहिणाऱ्याने तसे ठरवले. न पाळणाऱ्यास हटकून पकडील असा पहारेकरी सर्व वाटांवर नाही. असंयमी संगणक इतरांच्या संयमावर गबर होऊ शकतो, आणि बहुसंख्यांनी तसे केले तर १९८६ची कोंडी परत येऊ शकते, ही जाणीव फ्लॉइड यांनी २००० सालीच करून दिली होती. पूर्वी हा निर्णय असंख्य लहान हातांत विखुरलेला होता. आता वाहतुकीचा मोठा हिस्सा मोजक्या कंपन्यांच्या यंत्रांतून निघतो, आणि आपल्या यंत्रांची चाल त्या एकट्याने बदलू शकतात. त्यांनी केलेले बदल वाईटच असतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु सामायिक वाटेवरील वाटणीचा नियम बदलला जात असताना तो उघडपणे तपासला गेला पाहिजे. ४०० यार्डांच्या त्या वाटेने शिकवलेला धडा विसरणे कोणासही परवडणारे नाही.