पाण्यात पॉलिमर कालवून जमिनीतलं तेल कसं काढतात?

तेलाची विहीर ‘आटली’ अशी बातमी आली की आपल्याला वाटतं, तिथलं तेल संपलं. प्रत्यक्षात जगातल्या बहुतेक तेलक्षेत्रांत उत्पादन थांबतं तेव्हा निम्म्याहून जास्त तेल खालीच अडकलेलं असतं. गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणणाऱ्या भारतासाठी ही लहान गोष्ट नाही. या अडकलेल्या तेलातला काही वाटा बाहेर काढायचा एक उपाय म्हणजे पॉलिमर फ्लडिंग. त्याचं भारतातलं सर्वात मोठं उदाहरण राजस्थानात, बाडमेर जिल्ह्यातल्या मंगला तेलक्षेत्रात आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. जमिनीखाली तेलाचा तलाव नसतो. तेल असतं वाळूच्या खडकाच्या बारीक छिद्रांत, ओल्या विटेत पाणी मुरलेलं असतं तसं. सुरुवातीला खडकातल्या नैसर्गिक दाबाने ते वर येतं. दाब उतरला की बाजूच्या विहिरींतून पाणी आत सोडतात आणि त्या पाण्याने तेल उत्पादन विहिरीकडे ढकलतात.

पण पाणी पातळ आणि तेल दाट. शेतात पाणी देताना वाफ्याचा बांध एका जागी फुटला तर काय होतं? पाणी वाफ्यात पसरतच नाही, त्या फटीतून सरळ निघून जातं आणि कडेची रोपं कोरडी राहतात. खडकातही तेच होतं. पाणी दाट तेलाला ढकलण्याऐवजी त्यात बोटांसारखे फाटे फोडतं, सोप्या वाटेने उत्पादन विहिरीपर्यंत पोचतं, आणि एकदा वाट पडली की त्याच वाटेने येत राहतं. मग विहिरीतून तेल कमी आणि पाणीच जास्त येऊ लागतं. जुन्या क्षेत्रांत वर येणाऱ्या द्रवात ९० टक्के पाणी असणं अजिबात दुर्मीळ नाही.

पाणी दाट केलं तर?

कल्पना एवढीच आहे. पाण्यात पॉलिमरची भुकटी विरघळवायची. बहुतेक ठिकाणी त्यासाठी पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा एक प्रकार वापरतात. पाणी शुद्धीकरण केंद्रात गाळ खाली बसवायला वापरतात त्याच कुळातला हा पदार्थ. पाण्याच्या रेणूचा रेणुभार १८, तर या लांबलचक साखळीचा दीड-दोन कोटींच्या घरात. म्हणून लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम भुकटी पुरते आणि पाणी कित्येक पट दाट होतं, पातळ पेजेसारखं. असं पाणी फाटे न फोडता सरळ फळीसारखं पुढे सरकतं आणि आधी सुटून गेलेल्या भागातलं तेलही रेटत नेतं.

पॉलिमर साबणासारखं काम करत नाही, हेही सांगायला हवं. छिद्राला घट्ट चिकटलेला थेंब सोडवणं हे मुख्यतः त्याचं काम नाही. पाणी जिथे पोचलंच नव्हतं तिथे पोचवणं हे आहे. आणि ही फ्रॅकिंगही नाही. फ्रॅकिंगमध्ये खडक मुद्दाम फोडतात. समाजमाध्यमांवर या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

१९६४ मध्ये डी. जे. पाय आणि बी. बी. सँडिफर्ड यांच्या शोधनिबंधांनी या पद्धतीला पाया दिला. ती खऱ्या अर्थाने मोठी झाली चीनच्या दाचिंग क्षेत्रात. तिथे १९९६ पासून पॉलिमर औद्योगिक प्रमाणावर वापरलं जातंय. यशस्वी प्रकल्पात खडकातल्या मूळ साठ्याच्या साधारण ५ ते १५ टक्के तेल जास्तीचं मिळतं. आकडा छोटा वाटेल, पण शंभर कोटी बॅरलच्या साठ्यात ५ टक्के म्हणजे पाच कोटी बॅरल, तेही नवं क्षेत्र न शोधता.

मंगलाची गोष्ट

मंगला सापडलं जानेवारी २००४ मध्ये, केअर्न कंपनीला. ऑगस्ट २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं. इथलं तेल मेणचट. साध्या तापमानाला ते गोठतं, म्हणून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची पाइपलाइन सतत गरम ठेवावी लागते. खडकाच्या आत मात्र तापमान ६० अंश सेल्सिअसच्या थोडं वर असल्याने तेल वाहतं, पण पाण्यापेक्षा बरंच दाट. म्हणजे बांध फुटायची सगळी तयारी. कंपनीने आधी छोट्या भागात चाचणी घेतली आणि २०१४-१५ पासून संपूर्ण क्षेत्रात पॉलिमर सोडायला सुरुवात केली.

वाळवंटात एवढं पाणी कुठून, हा रास्त प्रश्न. त्यासाठी थुंबली भागातल्या खाऱ्या भूजलाचा आधार घेतला. ते पिण्याजोगं नव्हतं, हा यातला दिलासा.

पॉलिमर नाजूक असतं. चुकीच्या पंपातून किंवा अरुंद झडपेतून वेगाने गेलं की साखळ्या तुटतात आणि महागडं पाणी पुन्हा पातळ होतं. लोह आणि ऑक्सिजन एकत्र आले तरी तेच. क्षार जास्त असतील तर साखळ्या आखडतात आणि दाटपणा कमी होतो. शिवाय काही पॉलिमर खडकालाच चिकटून वाया जातं. परिणाम दिसायला महिनोन् महिने, कधी वर्षं लागतात. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून. तेलाचे भाव पडले की असे प्रकल्प आधी रखडतात ते यामुळे.

पुढे पॉलिमर उत्पादन विहिरीतूनही वर येऊ लागतं. मग तेल आणि पाणी वेगळं करणं अवघड जातं, तापकांच्या नळ्यांवर थर बसतात. हे पाणी उघड्यावर न सोडता पुन्हा जमिनीत घालणं हाच बरा मार्ग. पॉलिमर स्वतः फारसं विषारी नाही, पण ते ज्यापासून बनतं ते अ‍ॅक्रिलामाइड विषारी असतं. त्यामुळे भुकटीत त्याचा अंश किती उरलाय, यावर लक्ष ठेवावंच लागतं.

मग हेच मुंबई हायमध्ये का नाही करत? १९७४ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रातला मुख्य खडक चुनखडीचा, तापमान शंभर अंशांच्या वर आणि ढकलायला वापरतात ते समुद्राचं पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एवढ्या उष्णतेत साध्या पॉलिमरला टिकू देत नाही, ते साक्यासारखं खाली बसतं. जास्त तग धरणारी पॉलिमर आहेत, पण महाग. वर समुद्रातल्या फलाटावर भुकटीची गोदामं आणि मिसळायची यंत्रं ठेवायला जागाही मोजकीच.