खोळ

मृगाचा पहिला दणका बसला की पाताळगंगेकाठच्या कातकरी वाड्यांवर त्या रात्री कुणी लवकर झोपत नाही. ओढ्यातले मासे उलट्या प्रवाहाने भातखाचरांत चढू लागतात. ही वलगण. खेकडेही त्याच सुमारास बिळांतून बाहेर पडतात. उजेड घेऊन माणसं निघतात तेव्हा उकाड्याने अंग घामेजलेलं असतं, मध्यरात्री पाऊस झोडपतो आणि पहाटे वाऱ्याने हुडहुडी भरते. अशा रात्री अंगावर काय घालावं, हा शिकाऱ्याचा फार जुना प्रश्न आहे.

आज त्याचं उत्तर गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानांत मिळतं. अंगालगत घाम न धरणारा कपडा, त्यावर ऊब देणारा, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारा. या विद्येची लेखी वंशावळ साहेबाकडे जाते. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं. त्याने पाऊस बाहेर राहिला, पण घाम आत कोंडला. फ्रान्सिस गाल्टनच्या १८५५ सालच्या ‘द आर्ट ऑफ ट्रॅव्हल’मध्ये अंगालगत फ्लॅनेल घालण्याचा आग्रह आहे. साहेबाने लिहून ठेवलं, म्हणून शिकारीच्या पोशाखाचा इतिहास त्याच्या नावावर लागला.

पण साहेबाच्या शिकारीत आणखीही माणसं असत. मचाणावरचा बंदूकवाला तासन्‌तास निश्चल बसे. त्याला ऊब हवी असे. हाका घालणारे मात्र काट्याकुट्यांतून आरडाओरडा करत धावत. त्यांना जाड कपडा म्हणजे ओझंच. धावणाऱ्याचं कापड घामाने भिजलं आणि तो थांबला, की तेच कापड त्याला गारठवतं. सुती कापड तर पाणी धरून बसतं. उघडं अंग पुसलं की कोरडं. लंगोटीमागे गरिबी होतीच, ती नाकारायचं कारण नाही. पण वसाहतकाळच्या नोंदींनी त्या उघड्या अंगात निव्वळ रानटीपणा पाहिला, त्यातला हिशेब पाहिला नाही.

थांबल्यावर काय, याचं उत्तर घोंगडी. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर आपल्या वजनाच्या साधारण एक-तृतीयांश बाष्प शोषते, तरी हाताला ओली लागत नाही आणि भिजली तरी बरीचशी ऊब टिकवते. घोंगडी दुमडून डोक्यावर घेतली की तिची खोळ होते. डोकं, पाठ आणि खांदे झाकले जातात, पुढून हवा खेळते. चालताना ती खांद्यावर टाकायची, बसल्यावर पांघरायची. बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं पाऊस अधिक चांगला अडवतं, पण ते वाकून लावणी करणाऱ्यासाठी. झाडोऱ्यात ते अडकतं आणि त्यावर पावसाचा ताशा वाजतो. सावजाच्या मागावर असलेल्याला ते परवडत नाही.

घोंगडी प्रत्येकाकडे होती असं नाही. ती विकत घ्यावी लागे. ज्या कातावरून या जमातीला नाव मिळालं तो काढायला खैराची झाडं लागतात, आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव रानातलं झाड तोडणं गुन्हा ठरलं. ज्याच्याकडे घोंगडी नसे, त्याचा ऊब देणारा थर म्हणजे शेकोटी. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच गुन्हा झाली. जनावरं वाचायला हवी होती, हे खरंच. पण त्याबरोबर रानातल्या वाऱ्यापावसाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञानही बोलण्यातून मागे सरलं. उघडपणे सांगण्याजोगे मासे-खेकडेच उरले.

आणि याच खोऱ्यात दुसरं उत्तर तयार होऊ लागलं. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स स्थापन झाली आणि तिच्या कारखान्याभोवतीचा परिसर रसायनी म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८२ साली शेजारीच पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, म्हणून अंगालगतच्या थरासाठी जगभर तेच वापरतात. आज वाडीवरच्या पोरांच्या अंगात बाजारातली स्वस्त पॉलिएस्टरची जर्सी असते. ती कुठल्या कारखान्याच्या धाग्याची, हे विचारण्यात अर्थ नाही. नदीकाठी तो धागा निघतो, याने वाडीवरच्या माणसाचा इतिहास लिहिला जात नाही.

वलगणीच्या रात्री जर्सीवर काय असतं ते मात्र पाहण्यासारखं आहे. खताची रिकामी प्लॅस्टिकची गोणी. तिचा खालचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की डोक्यावर बसणारं टोक तयार होतं आणि पाठ झाकली जाते. लोकर गेली, घोंगडीही दिसेनाशी झाली. पण गोणीच्या त्या आकाराला माणसं अजून खोळच म्हणतात.