लाल विंचू आणि काळजाचा आलेख

महाड-पोलादपूरकडे विंचू हा काही नवलाचा प्राणी नव्हे. जांभ्याच्या खाचेत, पेंढ्याच्या उडवीत तो असायचाच. पण त्यातला लाल डसला की घरच्यांचे हातपाय गळत. आधी दरदरून घाम, वांती, अंग थंडगार. मग अपरात्री धाप, तोंडाला फेस, आणि हातातोंडाशी आलेले पोर जायचे. मांत्रिक उतारा करीत बसे. साध्या विंचवाची वेदना आपोआप ओसरली, तरी श्रेय त्याचेच!

1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात आले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. विष खरा घाव घालते तो हृदयावर, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपले. ती निरीक्षणे 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली गेली.

हृदयाच्या आलेखातील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांनी दिली. 1924 साली त्यांना नोबेल मिळाले. पट्टीवरचा बारीक चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. पी लाटेच्या आरंभापासून क्यू-आर-एसच्या आरंभापर्यंत असे तीन ते पाच चौकोन भरले, म्हणजे वाट ठीक. वरच्या कप्प्यांतून निघालेला विजेचा संदेश मधल्या नाक्यावर क्षणभर थबकतो, तेवढ्यात खालचे कप्पे रक्ताने भरतात. हा नाका जपानच्या तावारांनी 1906 साली दाखवून दिला. मुलांना मी सांगतो, आंबेनळी चढण्याआधी गाडी पोलादपूरला थांबते, तसेच हे! मात्र थांबा पाच चौकोनांहून लांबला, तर वाटेत अडथळा आहे असे समजावे. क्यू-आर-एस तीन चौकोनांएवढी रुंद झाली, तर नाक्याखालच्या फांद्यांकडे पाहावे.

विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट उसळतो, रक्तवाहिन्या आवळतात. अशा रुग्णांच्या पट्टीवर नाडीची धाव दिसते, टी लाट उंचावते. काहींत एखादी फांदीही अडते.

पण चौकोन मोजून माणूस वाचत नाही. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी बावस्करांनी वापरली, आणि 1986 मध्ये त्याचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये आला. गंभीर दंशात पूर्वी शंभरांत तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास उतरले. पुढे 70 रुग्णांवर त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनींसह चाचणी घेतली. गोळीबरोबर प्रतिविष दिल्यास उतार लवकर पडतो, असे 2011 साली दिसून आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

उडवीतला पेंढा ओढण्याआधी काठीने ढोसून पाहण्याची आमच्याकडची सवय मात्र सुटलेली नाही.