स्थानिक सर्व्हरवरील वापरकर्ता गटांचे मध्यवर्ती निर्देशिकेत स्थलांतर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकीय जाळ्यांच्या इतिहासात यंत्रांच्या वेगाची चर्चा पुष्कळ होते. कोणास कोणत्या फाइलपर्यंत पोहोचू द्यावयाचे, हे ठरविणाऱ्या याद्यांची क्वचितच. प्रस्तुत लेखात या याद्यांच्या, म्हणजेच वापरकर्ता गटांच्या, स्थलांतराचा विचार केला आहे.

नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर ३ या प्रणालीत प्रत्येक सर्व्हरची 'बाइंडरी' नावाची स्वतंत्र नोंदवही असे. पाच सर्व्हर वापरणाऱ्या कर्मचाऱ्याची नोंद पाच ठिकाणी करावी लागे आणि तो सेवानिवृत्त झाल्यावर पाच ठिकाणी पुसावी लागे. एक जरी राहिली, तरी तेवढे दार उघडे राही. १९८८ च्या एक्स.५०० या आंतरराष्ट्रीय मानकाने वृक्षाकार निर्देशिकेची संकल्पना मांडली. तिच्या आधारे १९९३ मध्ये नेटवेअर ४ ने संपूर्ण जाळ्यासाठी एकच निर्देशिका आणली. जुन्या प्रोग्रामांसाठी तिचा काही भाग बाइंडरीसारखा भासविण्याची सोयही ठेवावी लागली, हे लक्षणीय आहे.

१९९३ मध्येच आलेल्या विंडोज एनटीत अडचण अधिक खोल होती. तेथे परवानगी गटाच्या नावास नव्हे, तर त्याच्या सुरक्षा-ओळख क्रमांकास दिलेली असते. त्यामुळे सर्व्हरवरील 'लेखा' गट त्याच नावाने केंद्रात निर्माण केला, तरी तो परकाच ठरे. नाव तेच, सदस्य तेच; फाइल मात्र उघडत नसे. २००० मध्ये विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, तेव्हा गटाचा पूर्वीचा क्रमांक 'सिड हिस्टरी' या रकान्यात जतन करण्याची तरतूद झाली. परंतु ती डोमेनमधील गटांपुरतीच होती. एकेका सर्व्हरच्या अंतर्गत गटांना तिचा लाभ मिळत नसे. तेथे स्थानिक गट तसाच ठेवून केंद्रीय गटास त्याचे सदस्यत्व द्यावयाचे आणि पुढे परवानग्या केंद्रीय गटाच्या नावे नव्याने लिहावयाच्या, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

तंत्रज्ञ या स्थलांतरास सोय म्हणतात. प्रस्तुत लेखकास तो अधिकाराचाही प्रश्न वाटतो. सर्व्हर विभागाच्या खोलीत होता, तोवर गटात कोणास घ्यावयाचे हे विभाग ठरवी. यादी केंद्रात गेल्यावर त्यासाठी केंद्राकडे अर्ज करणे आले. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत संघटनात्मक विभागानुसार अधिकार सोपविता येतात. यादी केंद्रात ठेवूनही सदस्यत्वाचा निर्णय विभागाकडे ठेवणे त्यामुळे शक्य झाले. मात्र ते अधिकार कोणीतरी जाणीवपूर्वक सोपवावे लागतात.